हरकत नाही

कोर्टात साक्ष कशी लिहून घेतात हे आधी सांगितलेलं बरं, कारण या बाईचं अर्धं आयुष्य त्यात गेलं आणि पुढचा घोटाळाही त्यातूनच झाला.

वकील प्रश्न विचारतो. साक्षीदार उत्तर देतो. ते बहुधा लांबलचक, मेव्हण्याच्या लग्नाला वळसा घालून येणारं. न्यायाधीशसाहेब ऐकून घेतात, त्याचं एक सुटसुटीत वाक्य करतात आणि टायपिस्टला सांगतात. टायपिस्ट तेवढंच टाइप करते. प्रश्न गळून पडतो. कागदावर उरतं ते नुसतं उत्तर, जणू साक्षीदार आपणहून उभा राहून बोलला. मी घरी होतो. मला आवाज आला. हे म्हणणे खरे नाही की, आवाज ऐकूनही मी मुद्दाम दार उघडले नाही.

कुणी विचारलं होतं, कशा सुरात विचारलं होतं, आणि बोलण्याआधी साक्षीदार किती वेळ खिडकीकडे बघत बसला होता, यातलं काहीच कागदाला ठाऊक नसतं.

ती टायपिस्ट म्हणजे ही. कोर्टात तिला मशीनबाई म्हणायचे. टाइपरायटरच्या काळात पडलेलं नाव कॉम्प्युटर आला तरी टिकलं. चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर बदलला, मान उजवीकडे वळवली की कट्कन वाजायला लागली, पण साहेबांनी तोंड उघडलं की तिची बोटं चालू लागायची. मधे ती स्वतः कुठे नसायची. मशीनबाई हे नाव म्हणजे शाबासकी आहे असंच ती धरून चालली होती.

मग एकदा एक साक्षीदार बाई आली. दुकानाच्या शटरपाशी झालेल्या मारामारीबद्दल सांगायचं होतं. बाई रडत नव्हती, ओरडत नव्हती. कोण कुठे उभा होता, कुणाच्या हातात काय होतं, एकेक पान उलटावं तसं सांगत होती. फार वेळ सांगत होती. जेवणाची सुट्टी जवळ आलेली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, लिहा, मला याबाबत निश्चित काही सांगता येणार नाही.

मशीनबाईची बोटं थांबली. क्षणभरच. मग वाक्य टाइप झालं. बाईने सही केली, पिशवी उचलली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी मशीनबाईने घरी येऊन भाजी चिरली, सासूबाईंना औषध दिलं, आणि नवरा जेवायला बसला तेव्हा त्याला विचारलं, मी वकिली शिकले तर चालेल का? नवरा दमलेला होता. चालेल, म्हणाला.

*

प्रवेशपरीक्षा तिने कुणाला फारसं न सांगता दिली. नापास झालो तर गाजावाजा नको. झालं उलटंच. दोन कॉलेजांनी घेतो म्हटलं, आणि आता येत्या सोमवारी दोघांना कळवायचं होतं: एकाला हो, एकाला नाही.

जवळचं कॉलेज कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. खाली झेरॉक्सची दुकानं, वर वर्ग. संध्याकाळी भरायचं, नोकरी सांभाळून करता यायचं. लांबचं कॉलेज दुसऱ्या शहरात, बसने अर्धा दिवस खाणारं. दिवसभर वर्ग, आठवडाभर होस्टेल, शनिवारी घरी. त्यासाठी बिनपगारी रजा घ्यावी लागणार होती. पैशाचं गणित त्यांनी बसून केलं होतं आणि ते कसंबसं दोन्हीकडे बसत होतं, म्हणून तो विषय इथेच संपला. खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो आतल्या खोलीत पलंगावर झोपलेला होता.

सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडलं होतं. जुळलं, पण पाय परत आले नाहीत. डोकं मात्र शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, कपडे बदलणं हे सगळं सून करायची, सकाळी कोर्टात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. मधल्या वेळात शेजारीण डोकावायची. दोन बाया ठेवून झाल्या होत्या. पहिलीला सासूबाईंनी चोर ठरवलं, दुसरीला आळशी. दुसरी जाताना दारातून म्हणाली होती, तुमच्या सासूबाईंना पगारी सून नको, फुकटचीच हवी.

*

दोन्ही कॉलेजांनी एकेक दिवस वर्गात बसून बघा म्हटलं होतं. ती बसून आली.

जवळच्या कॉलेजात सगळे तिच्यासारखेच दमलेले होते. बँकेतला एक कॅशियर वर्ग सुरू होण्याआधीच डुलक्या घेत होता. एक नर्स युनिफॉर्मवरच आली होती. सर आले, खुर्चीत बसले आणि जुनी वही उघडून सांगू लागले. सगळे लिहू लागले. मशीनबाईचं पेन इतरांच्या पुढे पळायला लागलं. शेजारचे तिच्या वहीत बघून गाळलेले शब्द भरू लागले. मधेच सरांनी कुणाला तरी विचारलं, आत्ता मी काय सांगितलं? त्या मुलाला सांगता येईना. मशीनबाईने वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. सर खूश झाले. तुम्हाला काय शिकवायचं, म्हणाले.

घरी येताना तिने आठवून पाहिलं. आज वर्गात काय झालं? तिला काही म्हणजे काही आठवेना. वहीत पानंच्या पानं भरली होती, पण डोकं कोरं होतं.

लांबच्या कॉलेजात शिकवायला आलेली बाई तिच्याहून बरीच लहान होती. केस कसेबसे वर बांधलेले, ओढणीला खडू लागलेला. आल्या आल्या म्हणाली, वह्या मिटा. मग एक भानगड सांगितली. एका भाडेकरूच्या जिन्यातला दिवा घरमालकाने काढून नेला. भाडेकरू अंधारात पडला, पाय मोडला. पण त्याच्या खिशात टॉर्च होता. आता चूक कुणाची? सांगा.

मुलं तुटून पडली. कुणी मालकाला फासावर चढवला, कुणी भाडेकरूला आळशी म्हटलं. पोरंच ती, तिच्या मुलीहून थोडी मोठी. आणि मग त्या बाईने तिच्याकडे बघून विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं?

मशीनबाई उभी राहिली. उभं राहायची तिथे पद्धत नव्हती, तरी राहिली. आणि म्हणाली, "साहेब म्हणतील तसं."

वर्ग हसला. वाईट हसला नाही. एखादा विनोद ऐकून हसावं तसा हसला. पण तिने विनोद केला नव्हता, आणि ते शिकवणाऱ्या बाईच्या लक्षात आलं. ती हसली नाही.

"इथे साहेब नाहीत, ताई," ती म्हणाली. "बसा. सावकाश सांगा, घाई नाही."

तिला काही सांगता आलं नाही. तास संपला. या वयात कुणी सांगितले होते हे धंदे, असं स्वतःला म्हणत ती परतीच्या बसमध्ये बसली. आणि मग बस गावाबाहेर पडल्यावर तिच्या मनात कुठून तरी आलं, टॉर्च खिशात होता हे मालकाला कुठे माहीत होतं? दिवा नेताना तो काय भाडेकरूच्या खिशात हात घालून बघून गेला होता? पुढचा सगळा रस्ता ती त्या मालकाशी भांडत होती. उतरायचा थांबा मागे राहिला. पुढच्या थांब्यावरून पायी मागे यावं लागलं, तरी भांडण चालूच.

घरी आली तेव्हा पाय दुखत होते. सासूबाई म्हणाल्या, आलात का बॅरिस्टर.

*

मग तिने सगळ्यांना विचारायला सुरुवात केली.

कोर्टात एक म्हातारे वकील होते, तारीखसाहेब. कुठलंही काम असो, पुढची तारीख मागणारे. ते म्हणाले, सनद ती सनद, ती कुठल्या कॉलेजातून आली हे पक्षकार विचारतो काय? जवळचंच धर. आणि दोन्हीकडे पुढची तारीख मागून बघ, मिळाली तर मिळाली.

नणंदेचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते आणि आईची काळजी फोनवरून घेते. वहिनी, या वयात होस्टेलात जाऊन काय उशांची मारामारी खेळणार का, म्हणाली. आणि आईचं काय? मग लगेच, माझं काही नाही हं, तुमचं तुम्ही ठरवा.

मुलगी पंधरा-सोळाची. वडील तिला मॅडम म्हणतात, कारण ती त्यांच्याकडून कामं करून घेते. तिने एकाच कानातला इअरफोन काढून ऐकलं आणि म्हणाली, चालेल.

आणि या सगळ्याचं तिच्या डोक्यात काय झालं, तर जे रोज व्हायचं तेच. भांडी घासताना तिच्याच कानात साहेबांचा आवाज यायचा आणि उत्तरं टाइप होत जायची.

*साक्षीदार क्रमांक एक. पती. व्यवसाय, लिफ्टची दुरुस्ती. पत्नीच्या शिक्षणास माझी हरकत नाही. जवळच्या कॉलेजास माझी हरकत नाही. लांबच्या कॉलेजास माझी हरकत नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी नाराज आहे.*

*साक्षीदार क्रमांक दोन. कन्या. व्यवसाय, शिक्षण. आई होस्टेलात राहिल्यास माझी हरकत नाही. मला अंडे उकडता येते.*

*साक्षीदार क्रमांक तीन. सासू. व्यवसाय, काही नाही. मला काय विचारता. मला कोणी विचारत नाही. हे म्हणणे खरे आहे की, मी कोणाला त्रास देत नाही.*

वाचायला किती स्वच्छ. घरभर हरकत नाही. तरी तिला झोप लागत नव्हती, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि सोमवार चालून येत होता. घरात कुणाचीच हरकत नसेल, तर छातीवर हे काय बसलंय?

ठरवून टाकलं होतं तिने. जवळचं. कोर्ट, मग वर्ग, मग सासूबाई. सर सांगतील, आपण लिहू. हुशार म्हणून नावही होईल. पास होऊ, काळा कोट चढवू, आणि आपल्याच कोर्टात तारीखसाहेबांच्या शेजारी बसून

नाही. हे वाक्य तिला पुरं करवेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा त्याच जागी अडलं.

*

रविवार दुपार. सासूबाई झोपल्या होत्या. मुलगी मैत्रिणीकडे. नवरा स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून मिक्सर उघडत होता. त्याला स्वस्थ बसता येत नाही, सुट्टीच्या दिवशीही काहीतरी खोललेलं लागतं. ती समोर स्टुलावर. तिने पुन्हा तेच विचारलं. अहो, मी लांबच्या कॉलेजला गेले तर चालेल ना?

"चालेल म्हटलं ना," तो मिक्सरकडे बघत म्हणाला.

एरवी तिने मनात टाइप केलं असतं आणि उठली असती. पण त्या खडू लागलेल्या ओढणीच्या बाईची एक सवय तिच्या डोक्यात राहिली होती: उत्तर आलं तरी ती बाई पुढे सरकत नसे, नुसती बघत राही. ही पण बसून राहिली. बघत राहिली. त्याने एक स्क्रू काढला. दुसरा काढला. तिसरा त्याला सापडेना. तो तर त्याच्याच तळहातावर होता.

"का चालेल?" तिने विचारलं.

"का म्हणजे? तुला जायचंय ना?"

"मी तुमचं विचारतेय."

तो गप्प. कोर्टात अशा वेळी साहेब म्हणतात, साक्षीदाराला उत्तर द्यायचं नाही, पुढे चला. इथे साहेब नव्हते, म्हणून कुणी पुढे गेलं नाही.

"नाही चालणार," तो शेवटी म्हणाला. आवाज इतका खाली की मिक्सरलाच सांगतोय असं वाटावं. "झालं समाधान?"

मग जे निघालं ते एका वाक्यात बसण्यासारखं नव्हतं, आणि तिने बसवलंही नाही. त्याला डबा, धुणं, मॅडमचा अभ्यास यांची भीती नव्हती. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस; चिकट, अंधारं, अडकलेलं त्याला नवं नव्हतं. पण आईला न्हाणीघरात नेऊन तिचे कपडे काढायचे, तिचं अंग धुवायचं, हे त्याच्याच्याने होणार नव्हतं. आई ती. तिने काय तोंड वर करून बघायचं माझ्याकडे, आणि मी काय बघायचं? तू असतेस म्हणून मी आतल्या खोलीत जातो, तिच्याशी बोलतो, हसतो. तू नसलीस तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि मग माझी मलाच लाज वाटेल. कळलं का आता?

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता. तिला त्याची दया आली आणि त्याच दमात रागही आला. ती म्हणाली, मला नाही का लाज वाटली पहिल्या दिवशी? त्या माझ्या तर आईही नाहीत. तो म्हणाला, बायकांचं वेगळं असतं. काय वेगळं असतं, ती म्हणाली. त्याला सांगता येईना. मग तो म्हणाला, तिलाच नाही आवडणार. ती म्हणाली, त्यांना मीही आवडत नाही. यावर दोघंही हसले, पण फार वेळ नाही.

ती भांडायला वाईट होती. मुद्दा सुटायचा, भलतीच जुनी गोष्ट तोंडात यायची, डोळ्यात पाणी यायचं आणि त्याचा तिला आणखी राग यायचा. तो एकेका मुद्द्यावर तिला मागे रेटत होता. जवळचं कॉलेज काय वाईट आहे? डिग्री एकच. घर राहील, नोकरी राहील, आई राहील. यात चुकीचं काय सांग. चुकीचं काहीच नव्हतं. मान वाजली, आणि आता उठून गप्प चहा ठेवावा असं तिला वाटलं. इतका थकवा आला होता की चालेल म्हणून टाकलं असतं.

"जवळच्या कॉलेजला गेले तर मी आहे तीच राहीन," ती म्हणाली. "लोक बोलतील, मी लिहीन. मी लांबच्या कॉलेजला जाणार आहे."

तो थांबला. स्क्रू जमिनीवर ठेवला.

"मग असं सांग ना," तो म्हणाला. "इतके दिवस विचारत होतीस. चालेल का, चालेल का. विचारल्यावर माणूस चालेलच म्हणणार. नाही म्हणून मी कशाला वाईट व्हायचं?"

आपण सगळ्यांची उत्तरं नीट लिहून ठेवली, आणि आपला प्रश्न कसा होता ते मात्र एकदाही वाचलं नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. नुसती परवानगी गोळा करत फिरली होती, एखाद्याने तरी नाही म्हणावं आणि आपली सुटका व्हावी म्हणून.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "तिथे मला काही येत नाही."

"आणि मला इथे येत नाही," तो म्हणाला. खूश होऊन नाही. एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टचं दार उघडून आत पाहावं आणि काम वाढलंय हे कळावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

*

सोमवारी सकाळी तिने न्हाणीघरात पाणी काढून ठेवलं, टॉवेल, साबण, कोरडे कपडे हाताशी लावले, आणि त्याला सांगितलं की आधी पाय, मग पाठ, पुढचं त्यांचं त्या करतात, तेव्हा तोंड फिरवायचं. काखेत हात घालून उचलायचं, मनगटाला धरून नाही. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. तू? ती कुठाय? तो काहीतरी पुटपुटला. कामाला गेली का, मेली का, कुठाय ती? घरातच आहे आई. मग पाठव तिला. तू बाहेर हो.

तो बाहेर आला नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज. तांब्या पडला. मग सासूबाई हाका मारायला लागल्या, तिच्या नावाने, एकामागून एक, आधी रागाने, मग वेगळ्याच आवाजात, जो तिने कधी ऐकला नव्हता. तो आवाज ऐकून ती अर्धी उठली. हात ओट्यावर. मुलगी दप्तर पाठीला अडकवून दारात आली आणि म्हणाली, "आई, आजी बोलावतेय."

"ऐकू येतंय मला."

"मग?"

"तू जा शाळेत."

मुलगी तिच्याकडे कुणी परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. मग गेली. मशीनबाई परत बसली. आपण फार दुष्ट आहोत असं तिला वाटलं, आणि हेही की हे वाटणं आता बरेच दिवस सोबत राहणार. तिने फोन जवळ ओढला, जवळच्या कॉलेजचा नंबर लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं. तिला कारण नीट सांगता आलं नाही, पण ती बोलत राहिली, आणि तो माणूस बिचारा ऐकत राहिला. मग दुसरा फोन. तो लगेच झाला.

आतल्या हाका थांबल्या होत्या. आता नुसतं पाणी पडत होतं, थांबत थांबत. एकदा सासूबाई म्हणाल्या, डोक्यावरून नको ओतूस, कानात जातं. मग पाणी हळू पडू लागलं.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट कोपरांपर्यंत भिजलेला होता आणि डोळे लाल. भिंतीला टेकून उभा राहिला. फार मोठं काही उचलून आणल्यासारखा श्वास चालला होता.

"बसवलंय पलंगावर," तो म्हणाला. "केसांचा गुंता तेवढा तू काढ. तो मला नाही जमायचा."

ती उठणारच होती. पायात चप्पलही सरकवली होती.

"मोठा कंगवा घ्या," ती म्हणाली. "मुळापासून नाही, खालच्या टोकापासून सुरू करा. आणि वरचे केस मुठीत धरून ठेवा, म्हणजे त्यांना ओढ बसत नाही."

ती आणखी काही बोलते का ते त्याने पाहिलं. मग खिडकीतला कंगवा घेऊन परत आत गेला.